नदीतला गाळ, रेव, गोटे मोजायचे कसे? कोकणातून सारखे येणारे प्रश्न

चिपळूणचा २२ जुलै २०२१ चा पूर झाला आणि गाळ हा शब्द आमच्याकडे चहाच्या टपरीवर पोचला. तेव्हापासून फोन सुरूच आहेत, खेड, महाड, राजापूर, खाली सावंतवाडीपर्यंतचे. कधी सरपंच, कधी बागायतदार, कधी प्रोजेक्ट करणारी इंजिनिअरिंगची पोरं, आणि प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून एकदाच बसून लिहून काढले. मी सर्व्हेवाला माणूस आहे, प्रोफेसर नाही, तेव्हा भाषा तशीच असणार. सोपे प्रश्न आधी घेतलेत, डोकं खाणारे शेवटी.

१. गाळ मोजायचा म्हणजे नक्की काय मोजायचं? पाणी किती गढूळ आहे ते, की तळाला किती साचलाय ते?

दोन्ही, आणि मधला तिसरा प्रकार सगळे विसरतात तोही. पाण्यात मिसळून जाणारी माती हा तरंगता गाळ. तळावरनं घरंगळत, उड्या मारत जाणारी रेव, वाळू, गोटे हा तळगाळ. आणि पूर ओसरल्यावर बेट करून बसलेला असतो तो साचलेला गाळ. पहिले दोन वाहते आहेत, म्हणून ते दिवसाला किती टन असे मोजतात, तिसरा बसलेला आहे म्हणून घनमीटरमध्ये किंवा आपल्या ब्रासमध्ये (१०० घनफूट, प्रश्न १० बघा). कणगीत किती भात उरलाय हे बघून यंदा पीक किती आलं ते सांगता येत नाही ना, मधल्या काळात खाल्लंय, विकलंय, उंदरांनी नेलंय. तसंच, पात्रात किती साचलाय यावरून नदीनं वर्षभरात किती आणला ते कळत नाही, बराचसा खाडीत आणि समुद्रात निघून गेलेला असतो.

केंद्रीय जल आयोग तरंगत्या गाळाचे कणाच्या मापावरून तीन भाग करतं: ०.२ मिलिमीटरच्या वर जाडा, ०.०७५ ते ०.२ मध्यम, आणि त्याच्या खाली बारीक. बारीक म्हणजे बोटांत चोळला तर पिठासारखा लागतो तो.

२. एवढं मोजून उपयोग काय? गाळ डोळ्यांना दिसतोय, पोकलेन लावा आणि काढा.

हा प्रश्न कमी आणि टोमणा जास्त असतो, पण उत्तर देतो. गावाच्या नळपाणी योजनेची जॅकवेल (नदीतलं पाणी उपसायची विहीर) जिथे आहे तिथे दर पावसाळ्यात रेव येऊन बसते की तिथली रेव निघून जाते, हे माहीत नसताना जॅकवेल खोदली तर दोन वर्षांत ती एकतर गाडली जाते नाहीतर उघडी पडते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या फळ्या पावसाळ्याआधी काढायच्या राहिल्या तर मागे किती भरतं, तेही मोजल्याशिवाय कोण मानत नाही. पूररेषेचं तसंच, निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, पण दोन्ही काढताना नदीचं पात्र अमुक इतकं खोल आणि रुंद आहे असं धरलेलं असतं. पात्र मीटरभर वर आलं की त्या रेषेचा अर्थ बदलला, आणि तुमचं घर कागदावर बाहेर, पाण्यात मात्र आत.

आणि पोकलेनवाल्यालाही कुठे खोदू ते सांगावं लागतंच की. न मोजता सांगितलं तर तो डंपर जिथे सहज उतरतो तिथेच खोदतो.

३. मोजायला कधी यायचं? मे महिन्यात तर नदीत क्रिकेट चालतं.

साचलेला गाळ मोजायला तोच सीझन. मृगाच्या आधी एकदा आणि हस्त संपला, पाणी उतरलं की परत एकदा, त्याच जागी. वाहता गाळ मात्र पावसातच मोजावा लागतो. इथे कोकणची नदी घाटावरच्या नदीपेक्षा वेगळी पडते. आपल्याकडे सह्याद्री ते समुद्र सरळ अंतर पन्नास-साठ किलोमीटर, वरती घाटात कोसळला की काही तासांत नदी चढते आणि पाऊस थांबला की तशीच उतरते. सरकारी केंद्रांवर रोज सकाळी आठला नमुना घ्यायची पद्धत आहे, मोठ्या नद्यांना ती चालते, पण आपल्याकडे पूर रात्री दोनला आला आणि सहाला ओसरला तर आठच्या बाटलीत त्याचं काय येणार? वर्षाच्या गाळातला मोठा हिस्सा मोजक्या काही दिवसांतच जातो, आणि नेमके तेच दिवस चुकले तर बाकीच्या शंभर बाटल्या फुकट. म्हणून पूर चढताना दर तासाला, उतरताना दोन तासांनी.

आणखी एक. पाण्याची पातळी तीच असली तरी जूनमधलं पाणी ऑगस्टमधल्यापेक्षा जास्त माती आणतं. भाजावळ केलेली राबाची जमीन (पालापाचोळा जाळून भाताच्या रोपांसाठी तयार केलेली), नांगरट, उन्हाळ्यात खणलेले रस्ते, सगळी मोकळी माती पहिल्या पावसात निघते आणि नंतर गवत येतं. एकाच पुरातसुद्धा चढत्या पाण्यात बहुतेक वेळा गाळ जास्त सापडतो. त्यामुळे एकट्या ऑगस्टच्या आकड्यांवरून वर्षाचा हिशोब मांडू नका.

४. आमच्या पऱ्याला (ओढ्याला) लालभडक पाणी येतं, म्हणजे गाळ खूपच असणार ना?

रंगावर जाऊ नका. जांभ्याची बारीक लाल माती थोडी मिसळली तरी पाणी गुलालासारखं दिसतं. उलट काळ्या कातळाच्या भागातला राखी पाण्याचा नमुना वजनाला भारी निघालेला मी दोन-तीनदा बघितलाय. गढूळपणा मोजायचा सेन्सर मिळतो, चांगला आहे, पण तो उजेड किती विखुरतो ते मोजतो, माती किती ते नाही. त्या त्या नदीच्या बाटल्या वाळवून, वजन करून त्याच्याशी सेन्सरचा आकडा जुळवून घ्यावा लागतो, आणि जगबुडीला जुळवलेला सेन्सर उचलून काजळीला लावला असं चालत नाही.

५. बाटलीनं नमुना घ्यायचा म्हणजे नुसती बाटली बुडवायची का?

वरवर बुडवली तर वरचं पाणी येतं, आणि वर माती कमी, खाली जास्त. आपल्याकडे सरकारी पद्धतीत पंजाब बाटली वापरतात, म्हणजे लोखंडी पकडीत बसवलेली बाटली, तिचं बूच वरून ओढून उघडता येतं. पृष्ठभागापासून खोलीच्या ०.६ पट खाली नेऊन बूच उघडायचं. पाणी तीन मीटर खोल असेल तर वरून १ मीटर ८० सेंटीमीटरवर. पुलावरून सोडत असाल तर खाली वजन बांधा, नाहीतर जोराच्या पाण्यात बाटली तिरकी जाते आणि दोरीवर पाच मीटर दिसतात तेव्हा ती प्रत्यक्षात दोन मीटरवर लटकत असते. मध्यभागी एकच बाटली घेऊन परत फिरू नका, रुंदीत निदान पाच ठिकाणी घ्या.

घरी आल्यावर पाणी मोजून घ्यायचं, गाळणी कागद आधी वाळवून वजन करून ठेवायचा, पाणी गाळायचं, कागद १०५ अंशांवर वाळवायचा आणि परत वजन. वजनकाटा मात्र चांगला हवा. आम्ही सुरुवातीला ओळखीच्या सोनाराच्या दुकानात जाऊन वजनं करायचो, तो आधी हसायचा, मग त्यालाच इंटरेस्ट यायला लागला.

आता हिशोब. लिटरमागे किती ग्रॅम, गुणिले प्रवाह घनमीटर प्रतिसेकंद, गुणिले ८६.४, की दिवसाला टन मिळतात. समजा लिटरला अर्धा ग्रॅम आणि प्रवाह ४०० घनमीटर प्रतिसेकंद, तर १७,२८० टन. म्हणजे पाणी नुसतं चहासारखं दिसत असताना एवढं जातंय.

प्रवाह काढायला यंत्र नसेल तर सोललेला नसलेला नारळ सोडा, ५० मीटर जायला किती सेकंद लागतात ते बघा, आलेल्या वेगाला ०.८५ नं गुणा, कारण पृष्ठभागाचा वेग सरासरीपेक्षा जास्त असतो, आणि मग पात्राच्या काटछेदाच्या क्षेत्रफळानं गुणा. काटछेद कसा घ्यायचा ते प्रश्न ९ मध्ये आहे. नारळ परत मिळत नाही, खर्च धरा.

६. तळावरनं सरकणारी रेव बाटलीत येत नाही, मग ती पकडायची कशी?

बरोबर, बाटली तळाच्या वरच राहते. त्यासाठी हेली-स्मिथ नावाचा सँपलर वापरतात, अमेरिकेत १९७१ च्या सुमारास केलेला, चौकोनी तोंडाचा, तोंड ७.६ सेंटीमीटर, मागे जाळीची पिशवी. केबलनं तळाला टेकवायचा, ठरलेले सेकंद ठेवायचा, उचलायचा. समजा एका मिनिटात १.२ किलो रेव आली, तर एक मीटर रुंदीला सेकंदाला साधारण ०.२६ किलो, आणि पात्राची चाळीस मीटर रुंदी अशी चालती असेल तर दिवसाला ९०० टनांच्या आसपास.

हा आकडा छान दिसतो आणि तिथेच माणूस फसतो. तळगाळ एकसारखा सरकत नाही, तो लाटांनी, पट्ट्यांनी सरकतो. एकाच जागी लागोपाठ दहा वेळा सँपलर टेकवला तर एकदा पाव किलो, एकदा चार किलो, एकदा रिकामी पिशवी. म्हणून रुंदीत वीस जागा आणि त्या वीसही दोनदा, अशी शिफारस आहे, आणि पूर चढत असताना चाळीस नमुने घेणं म्हणजे काय ते पुलावर छत्री उलटी झालेल्या माणसाला विचारा. शिवाय तोंडात मावेल तेवढाच गोटा येणार, नारळाएवढा धोंडा बाहेरच राहतो. आणि तळ ओबडधोबड असेल तर सँपलर नीट टेकत नाही, खालून फट राहते.

डोंगरी भागात परदेशात वेगळं करतात, तळाला स्टीलची प्लेट किंवा पाइप बसवतात आणि गोटे आपटल्याचा आवाज मोजतात, जपान आणि स्वित्झर्लंडमध्ये हे चालू आहे. पुराच्या रात्री काठावर कान दिलात तर गोट्यांचा गडगडाट आपल्यालाही ऐकू येतो, घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांत राहणाऱ्यांना सांगायला नको.

७. आमच्या ग्रुपकडे पैसे नाहीत, सँपलर नाही. साधं काही करता येईल का?

येतं, आणि खरं सांगू का, आमचं अर्धं ज्ञान यातूनच आलंय.

पहिलं, शंभर गोटे मोजा. सुकलेल्या पात्रात या काठापासून त्या काठापर्यंत चालायचं, एक पाऊल टाकायचं, न बघता बोटाच्या टोकाला जो दगड लागेल तो उचलायचा आणि त्याची मधली बाजू मोजायची, ना सगळ्यात लांब ना सगळ्यात अरुंद. शंभर झाले की मापानुसार लावा, पन्नासावा दगड हा तुमच्या पात्राचा मधला दगड. न बघता हे महत्त्वाचं, कारण बघितलं की माणूस देखणा गोटाच उचलतो. १९५४ पासून जगभर हेच करतात.

दुसरं, दगड रंगवा. पन्नास-शंभर गोटे उचला, ऑइलपेंट लावा, नंबर घाला, एका ओळीत ठेवा आणि दिवाळीत शोधायला जा. कोण किती लांब गेला ते कळतं. अर्धे सापडले तरी नशीब, बाकीचे गाडले जातात. पैसे असतील तर दगडाला भोक पाडून गुरांच्या कानातल्या बिल्ल्यासारखी चिप बसवता येते, मग गाडलेला दगडही रीडरला सापडतो.

तिसरं, साखळी पुरा. मे महिन्यात तळात उभा खड्डा करून लोखंडी साखळी उभी गाडायची, वरचं टोक तळाच्या लेव्हलला. पुरात जेवढी रेव उकरली जाते तेवढी साखळी आडवी पडते आणि त्यावर नवी रेव बसते. नंतर खणून बघितलं की दोन आकडे मिळतात, किती उकरलं गेलं आणि किती भरलं गेलं. पुलाच्या बाबतीत हे फार कामाचं आहे, प्रश्न १६ बघा.

८. किती पाणी आलं की आमच्याकडचे गोटे हलायला लागतात?

ढोबळ हिशोब सांगतो. पाणी तळाला किती जोरानं घासतं ते पाण्याची खोली गुणिले नदीचा उतार यावर ठरतं. पाच सेंटीमीटरचा गोटा, म्हणजे लिंबापेक्षा जरा मोठा, आणि उतार ५०० मीटरला १ मीटर असेल तर पाणी साधारण १.८५ मीटर खोल झालं की तो हलतो. तोच गोटा खालच्या सपाट भागात, जिथे उतार २००० मीटरला १ मीटर, तिथे सात-साडेसात मीटर पाणी लागेल, म्हणजे तो तिथे बसून राहणार. वरून आलेले गोटे घाट उतरल्यावर जिथे उतार मोडतो तिथेच बेटं का करतात, त्याचं सगळं कारण एवढंच. बेट कोण मुद्दाम करत नाही.

पण दोन गोष्टी धरून चला. एक, वरती मोठ्या दगडांचा थर जमून फरशीसारखा झालेला असेल तर खालची रेव त्याच्या आड लपते आणि हिशोबापेक्षा जास्त पाणी लागतं, तो थर एकदा फुटला की मग मात्र सगळं एकदम सुटतं. दोन, हा हिशोब गारेच्या (क्वार्ट्झच्या) घनतेवर, २.६५ वर, बसवलेला आहे. आपला घट्ट काळा कातळ त्याहून जड, पण जांभ्याचा तुकडा सच्छिद्र आणि हलका, तो लवकर निघतो. एकाच पात्रात दोन्ही असतात, म्हणून रंगवताना दोन्ही जातींचे दगड घ्या.

९. काटछेद दरवर्षी घेतो, पण आकडे जुळतच नाहीत. कुठे चुकतंय?

दहातल्या आठ वेळा बेंचमार्क, म्हणजे उंची मोजायची पक्की खूण, चुकलेला असतो. काटछेद म्हणजे नदीला आडवी दोरी लावून दर दोन-तीन मीटरला तळाची उंची घ्यायची, आणि ती उंची एका न हलणाऱ्या खुणेपासून मोजायची. खूण हलली की सगळं गेलं.

माझीच गोष्ट. एका पऱ्यावर मोरीच्या कठड्याच्या कोपऱ्यावर छिन्नीनं खूण करून ठेवली होती, तीन वर्षं त्यावरून लेव्हल घेतली. चौथ्या वर्षी आकडे आले तर पूर्ण पात्र एकसारखं ३२ सेंटीमीटर खाली गेलेलं. आम्ही खूश, गाळ वाहून गेला म्हणून! घरी आल्यावर रात्री जेवताना डोक्यात आलं की नदी असं एकसारखं कधी खोदत नाही, एका काठाला खोदते तर दुसऱ्या काठाला टाकते. दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं तर रस्त्याच्या कामात कठडा पाडून नवीन बांधलेला, उंच, आणि कोणीतरी भला माणूस आमची खूण बघून तशीच खूण नव्या कठड्यावर करून गेलेला. त्यानं मदतच केली, काय बोलणार.

तेव्हापासून तीन खुणा ठेवतो, त्यातली एक जिवंत कातळावर, आणि प्रत्येक वेळी तिन्ही एकमेकांशी पडताळतो. काटछेदाच्या दोन्ही टोकांना काठावर वर, पुराच्या बाहेर, काँक्रीटमध्ये खुंट्या पुरा, नाहीतर पुढच्या वर्षी तुम्ही दहा मीटर खालीच मोजत बसाल आणि फरकाला गाळ म्हणाल.

१०. घनमीटर, टन, ब्रास, सगळा गोंधळ आहे. नक्की किती?

१ ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. सुकी वाळू असेल तर वजन साडेचार टनांच्या आसपास, ओली असेल तर जास्त. दोन काटछेद ५० मीटर अंतरावर आहेत आणि दोन्हीकडे मिळून सरासरी १२ चौरस मीटर भरलंय तर ६०० घनमीटर, म्हणजे २१२ ब्रास.

आता भांडणाचा मुद्दा. पात्रातला ब्रास आणि डंपरमधला ब्रास एक नाही. दाबून बसलेला गाळ उकरला की तो फुगतो, चांगला पाचवा-चौथा हिस्सा वाढतो. त्यामुळे डंपरच्या खेपा मोजून हजार ब्रास काढले असं कोण म्हणालं तर पात्रात तेवढी जागा झालेली नसते. मोजणी पात्रातच करायची, आधी आणि नंतर, मग वाद नाही.

आणि उलट बाजूनं, आपल्या मोजणीची पण लायकी ओळखा. साठ मीटर रुंद, एक किलोमीटर लांब पात्र आणि लेव्हलमध्ये फक्त पाच सेंटीमीटरची चूक, तर ३,००० घनमीटर, हजारावर ब्रास, हवेतून तयार झाले. ड्रोनच्या नकाशावर रंगीत चित्र येतं म्हणून ही चूक नाहीशी होत नाही, आणि ड्रोनला पाण्याखालचा तळ नीट दिसत नाही ते वेगळंच.

११. गाळ काढला, आता पूर येणार नाही ना?

येणार. छोटे आणि मधले पूर आता जिथे काठ ओलांडतात तिथे कदाचित काठाच्या आत राहतील, हा फायदा खरा आहे आणि कमी नाही, बाजारपेठेत गुडघाभर पाणी आणि पायरीखाली पाणी यातला फरक दुकानदाराला विचारा. पण घाटात ढग अडकून बसलेत आणि खाली भरती आहे, अशा दिवशी पाण्याला जायलाच जागा नसते, तेव्हा तळाचा एक मीटर किती पुरणार. वाशिष्ठी आणि शिवनदीचा गाळ २०२१ नंतर काढला, चांगलं झालं, पण दरवर्षी तेच काटछेद घेऊन किती परत भरतंय हे बघितलं तरच तो खर्च किती वर्षं पुरला ते कळेल.

१२. वाशिष्ठीत तर कोयनेचं पाणी येतं. कोयना धरणातला गाळ पण इकडे येतो का?

नाही. कोयनेचं पाणी बोगद्यांतून पोफळीच्या वीजघरात, तिथून कोळकेवाडीला, आणि मग वाशिष्ठीत येतं, वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत पश्चिमेला वळवायची मुभा आहे. जाडा गाळ शिवसागर जलाशयातच बसतो, खाली येतं ते जवळजवळ नितळ पाणी. म्हणून तर मे महिन्यात बाकीच्या नद्या कोरड्या आणि वाशिष्ठी वाहती.

मोजणाऱ्याला यात दोन फास आहेत. एक, संगमाच्या वर आणि खाली वेगवेगळे नमुने घ्या, नाहीतर नितळ पाण्यानं पातळ झालेला आकडा बघून तुम्ही म्हणाल गाळ कमी आहे. प्रमाण कमी दिसलं तरी एकूण टन तेवढेच असतात. दोन, ज्या पाण्यात स्वतःचा गाळ नाही ते तळातली बारीक रेव उचलून न्यायला मोकळं असतं, म्हणून अशा ठिकाणी पात्रात मोठे गोटे उरतात आणि बारीक निघून जातं.

१३. आमचं गाव खाडीवर आहे. भरतीला पाणी उलटं वर चढतं, मग गाळ कोणत्या दिशेला धरायचा?

दोन्ही. भरती-ओहोटीचं पूर्ण चक्र, साधारण साडेबारा तास, बसून मोजावं लागतं, दर अर्ध्या तासाला वेग आणि नमुना, येणारा अधिक, जाणारा उणे, मग निव्वळ काय उरतं ते. फक्त ओहोटीत मोजलं तर खाडी रिकामी होतेय असं वाटेल. उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) आणि भांगेच्या (लहान भरतीच्या) दिवसांत फरक पडतो म्हणून दोन्ही वेळा. आणि खारं पाणी लागलं की बारीक माती गोळा होऊन जाड गुठळ्या करते आणि पटकन बसते, नदीच्या गोड्या पाण्यात तीच माती दिवसभर तरंगत राहिली असती. पुराचं गोडं पाणी वरून आणि खारं पाणी खालून, असे दोन थर असतील तर ०.६ खोलीच्या एका बाटलीवर विसंबू नका, तीन खोल्यांवर घ्या.

खाड्या भरणं काही आजचं नाही. राजापूरला सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती, माल गलबतांनी थेट वर यायचा, आणि आता तिथे मोठी होडी आणून दाखवा.

१४. वरती दरड कोसळली तर आमच्या मोजणीचं काय?

जुने आकडे बाजूला ठेवा, फाडू नका. जुलै २०२१ ला तळीये, पोसरे अशा ठिकाणी जे झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, त्या दुःखाच्या मागे नदीचाही हिशोब असतो, एका रात्रीत डोंगराचा तुकडा पऱ्यात येतो. २ जुलै २०१९ ला तिवरे धरण फुटलं तसं काही झालं की तेच. बारीक माती त्याच पावसाळ्यात निघून जाते, धोंडे मात्र टप्प्याटप्प्यानं वर्षानुवर्षं उतरत राहतात. अशा वेळी जुन्या पाच वर्षांची सरासरी काढून पुढचं सांगणं चूक, नवीन पायाभूत मोजणी करा आणि वहीत तारीख घालून जाड रेघ ओढा.

१५. पुरात बोटीला ध्वनिलहरींचं प्रवाहमापक यंत्र लावलं, आणि स्क्रीनवर बोट उलटी वर जाताना दिसतेय. यंत्र बिघडलंय का?

बिघडलेलं नाही, उलट त्यानं तुम्हाला बातमी दिली आहे! ते यंत्र तळाला स्थिर धरून बोट किती सरकली ते काढतं. तळच खाली सरकत असेल तर त्याला वाटतं बोट वर जातेय, आणि मग पाण्याचा वेग कमी दाखवतं. बोट एका जागी दोरीनं घट्ट बांधून दहा मिनिटं चालू ठेवा, जी खोटी सरक दिसेल ती तळाची सरक. प्रवाहाचा आकडा जीपीएस लावून दुरुस्त करा, आणि ही सरक वेगळी लिहून ठेवा, तळगाळ चालू झाला त्याचा फुकटचा पुरावा आहे.

१६. पुलाच्या खांबाजवळ पूर ओसरल्यावर मोजलं, खड्डा काही नाही. म्हणजे पूल सेफ ना?

असं म्हणून मोकळं होऊ नका. खांबाला पाणी आपटतं, भोवरा होतो आणि पुराच्या ऐन भरात खांबाच्या पायाशी खड्डा पडतो, पण पाणी उतरताना तोच खड्डा नव्या रेवेनं भरून निघतो. दिवाळीत तुम्हाला सपाट तळ दिसतो. ती भरलेली रेव सैल असते, पुढच्या पुरात आधी तीच जाते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ चा दगडी पूल गेला तेव्हापासून हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. ऐन पुरातली खोली हवी तर वरून वजनाची दोरी सोडून किंवा खांबाला बसवलेल्या इको साउंडरनं (आवाजाच्या लहरींनी खोली मोजणारं यंत्र) तेव्हाच घ्या, नाहीतर आधी साखळी पुरून ठेवा (प्रश्न ७). आणि शंका असेल तर संबंधित खात्याला लेखी कळवा, सेफ आहे की नाही हे माझ्यासारख्यानं फोनवर सांगायचं नसतं.

१७. रत्नागिरीच्या नद्यांत वाळू कमी आणि खाली सिंधुदुर्गात एवढी पांढरी वाळू, असं का? आणि काढायला किती परवानगी असते?

दगडामुळे. उत्तरेला सगळा काळा कातळ आणि जांभा, तो कुजला की चिकणमाती आणि रेव होते, गारेची वाळू त्यात जवळजवळ नाही. दक्षिण सिंधुदुर्गात जुने गारेचे दगड आहेत, म्हणून कर्ली, तेरेखोलला वाळू. तीच वाळू नदी मुखाशी आणते आणि देवबागसारख्या ठिकाणी लाटा तिची दांडी (वाळूचा लांब पट्टा) करतात, म्हणून वर किती उपसलं याचा हिशोब किनाऱ्यावरच्या माडांनाही भरावा लागतो.

परवानगीचं म्हणाल तर केंद्राच्या २०१६ आणि २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत तत्त्व एकच आहे, जेवढी वाळू दर पावसाळ्यात परत येते तेवढ्याचाच विचार करायचा, आणि त्यासाठी पावसाळ्याआधी आणि नंतर मोजणी. खोलीची मर्यादा ३ मीटर किंवा भूजल पातळी, जे आधी येईल ते. हातपाटी असो की सक्शन पंप, खड्डा तो खड्डाच. फक्त लक्षात ठेवा, आधीच्या मोजणीनंतरही उपसा चालू राहिला तर नवी वाळू तो खड्डा भरण्यातच जाते आणि आवक आहे त्यापेक्षा कमी दिसते, म्हणून आधीची मोजणी मे अखेरची हवी, मार्चची नको.

१८. इंटरनेटवर सूत्रं मिळतात, त्यात आकडे घातले की टन निघतात. मग पावसात भिजायचं कशाला?

सूत्रं वाईट नाहीत, १९४८ चं मेयर-पीटर आणि म्युलरचं आजही वापरतात. पण ती सांगतात नदी किती नेऊ शकते, नेण्यासारखं वरती काही आहे का ते नाही. तळाला नुसता कातळ उघडा पडलेला असतानाही सूत्र हजारो टन दाखवतं. आणि दोन सूत्रांची उत्तरं एकमेकांच्या पाच-दहा पट वेगळी येणं नेहमीचं आहे. पाच-सहा प्रत्यक्ष मोजण्या हातात असतील तर सूत्र त्यांना जुळवून घ्या, मग मजा आहे.

१९. पुरात नदीत उतरून मोजलं तर चालेल का, पाणी कमरेएवढंच आहे.

नाही. गुडघ्याच्या वर वाहतं पाणी असेल तर काठावर थांबा. तळ सरकत असतो तेव्हा पायाखालची रेवच निघून जाते. पुलावरून करा, दोघं-तिघं मिळून, आणि ओंडका येताना दिसला की दोरी सोडून द्या, सँपलर नवा घेता येतो.

२०. आमचा रंगवलेला दगड ठेवल्या जागेच्या वरच्या अंगाला सापडला. नदी दगड उलटा नेऊ शकते का?

गोटा वर चढवण्याएवढा जोर भरतीच्या पाण्यात आपल्याकडे नसतो. माणसानं नेलाय. पोकलेननं पात्र सपाट केलं असेल, ट्रॅक्टरमधून पडला असेल, किंवा कोणी खेळत नेला असेल, तो दगड हिशोबातून काढून टाका आणि वहीत तसं लिहा.

आमचे पहिल्या वर्षीचे साठ पिवळे दगड होते, नंबर घालून, छान ओळीत ठेवलेले. दिवाळीला गेलो तर एकोणीस सापडले, बाकीचे गाडले गेले असं धरून आम्ही वाडीत चहाला गेलो. तिथे एका अंगणात तुळशीवृंदावनाच्या भोवती अकरा दगड गोल लावलेले, ७ नंबरपासून ३१ पर्यंत मधले मधले, नंबर बाहेरच्या बाजूला. गणपतीला आलेल्या चाकरमान्यांच्या पोरांनी आणले होते. काकी म्हणाल्या, "हवे तर न्या हो, पण तुळशीचं लग्न होऊन जाऊ दे." आम्ही ते अकरा दगड वहीत "सरक: १४० मीटर, चढावर" असे लिहिले आणि पुढच्या वर्षी रंग बदलून काळपट तपकिरी केला.